राबावर ओतलेलं पाणी

मे महिन्यात माहेरी गेलं की वहिनी आधी तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात देते. उंबऱ्यापाशी उभं राहून ते प्यायचं आणि मग आत शिरायचं. आमच्या पाड्यावर पाहुण्याला असंच करतात. घरच्या माणसाला कोणी पाणी देत नाही, त्यानं आपलं आपण मडक्यातून घ्यायचं. लग्न होऊन मी जव्हारला गेले, तिथल्या शाळेत शिकवू लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी त्या तांब्याची मला सवय झालेली नाही. उन्हाळ्यात तर तो घशाखाली उतरत नाही. विहिरीच्या तळाशी बसून वाटीवाटीनं भरलेलं पाणी, आणि ते मी उभ्या उभ्या गटागटा संपवायचं. नको म्हटलं तर वहिनीला वाईट वाटतं, प्यायलं तर मला.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टी लागली तशी मी निघाले. जव्हारच्या डेपोबाहेर मोखाड्याची जीप भरता भरता ऊन डोक्यावर आलं. आत आम्ही एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे, टपावर सामान आणि सामानावर माणसं. अर्ध्या वाटेत एका वळणावर मोठी गाडी आडवी लावून काही जण दरीचे फोटो काढत होते. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्यांच्यातल्या एका बाईनं मागे न बघता हात वर केला, थांबा जरा. ड्रायव्हर थांबला. जीपमधले सगळेच थांबले, कोणी हूं की चूं केलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खाली उतरले आणि वर्गातल्या आवाजात त्या मंडळींना रस्ता कोणासाठी असतो ते समजावलं. ती माणसं सॉरी मॅडम म्हणाली आणि गाडी बाजूला घेतली. मी परत येऊन बसले तर शेजारचे म्हातारबाबा मलाच म्हणाले, जाऊ द्या ना बाई, पाव्हणे हायेत.

आमचा पाडा मुख्य रस्त्यापासून आत, पठाराच्या कडेला आहे. कडा संपला की खाली दरी आणि समोर डोंगरांच्या रांगा. लहानपणी तिकडे बघायला कोणाला वेळ नसायचा. आता लोक त्याच्यासाठी लांबून येतात, आणि ते माझ्या दादाकडे उतरतात.

दादा माझ्याहून मोठा. पूर्वी दिवाळी झाली की तो आणि वहिनी पोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. आता जात नाहीत. त्यानं घराशेजारी दोन खोल्या बांधल्या, बाहेर निळी टाकी बसवली, मोबाइलवर फोटो टाकले, आणि ठाण्या-मुंबईची, नाशिकची माणसं सुट्टीत येऊ लागली. पोरांची शाळा बुडत नाही, घराला कुलूप लागत नाही. हे सगळं मला कळतं. कळतं म्हणूनच चीड नेमकी कोणावर काढावी ते समजत नाही.

टाकीतलं पाणी दादा स्वतःच्या पैशानं टँकर मागवून भरतो. पाड्याच्या विहिरीत सरकारी टँकर रिकामा होतो खरा, पण तो येईल तेव्हा येईल. पहिल्या वर्षी पाहुणे फवाऱ्याखाली अंघोळ करत होते आणि बायका रिकामे हंडे घेऊन विहिरीवर बसून होत्या, तेव्हा पाड्यात मोठं भांडण झालं. ते मिटवलं आमच्या काकीनं. काकी म्हणजे माझी चुलती, पाड्यातली सगळ्यात मोठी बाई, तिच्यापुढे पोलीसपाटीलही जपून बोलतो. तिनं ठरवून टाकलं की उन्हाळाभर रोज संध्याकाळी प्रत्येक घराला दादाच्या टाकीवरून हंडा भरून मिळेल, आणि मग पाहुण्यांबद्दल कोणी तोंड उघडणार नाही. दादानं ते मानलं. तेव्हापासून पाड्यात शांतता होती, निदान वरवर तरी.

त्या दिवशी तांब्या रिकामा करून मी घरामागे आईला शोधायला गेले, तर आईच्या राबाभोवती खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. खुंट्यांना सुतळी बांधलेली, कोपऱ्यात चुन्याच्या रेघा.

राब म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पाहुण्यांना मात्र दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी आम्ही थेट शेतात टाकत नाही. उताराचा एक तुकडा निवडून त्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, वाळलं गवत, पालापाचोळा असे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची, आणि पावसाआधी ते सगळं सावकाश जाळायचं. याला राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या जमिनीत तणाचं बी मरतं, राख मुरते, मग तिथे पेरलेल्या नागलीचं रोप जोमानं वर येतं. त्या रोपाला आवण म्हणतात. पाऊस स्थिर झाला की आवण उपटायचं आणि शेतात लावायचं. राबच बिघडला तर पुढचं सगळं बिघडतं, आणि फांद्या पुन्हा छाटून वाळवायला तोवर दिवस उरलेले नसतात.

त्या वर्षीचा राब आईनं एकटीनं रचला होता. होळीच्या आधीपासून ती रानातून फांद्यांचे भारे डोक्यावर आणत होती. दादा आणि वहिनीला खोल्यांमुळे वेळ नव्हता, आणि तिनं कोणाला हाक मारली नव्हती.

रात्री जेवताना मी खुंट्यांचा विषय काढला. दादाचं म्हणणं सरळ होतं. पाहुण्यांना कड्यावरून सूर्य बुडताना बघायचा असतो आणि घरामागच्या राबापासून थेट कड्यापर्यंत आईचं शेत. तिथे तंबू लागले तर उन्हाळा चांगला जाईल, नागली काय, बाजारातही मिळते. मी म्हटलं, खुंट्या ठोकताना आईला विचारलंस का. तो म्हणाला, सांगणारच होतो. माझा आवाज चढला, त्याचाही चढला, वहिनी भाकरी वाढायची थांबली. शेवटी तो आईकडे वळला.

"आये, ह्या साली तू आवण काढून, लावून दाखव. मंग शेत ऱ्हाऊ दे तुला. नाय झालं तर दिवाळीनंतर मी तंबू लावनार."

आई भाकरी मोडत होती. ती बरं म्हणाली आणि जेवत राहिली. मला त्या रात्री झोप आली नाही. ती बरं म्हणाली म्हणजे काय म्हणाली, हे मी कूस बदलत स्वतःला विचारत राहिले.

दोन-तीन दिवसांनी ठाण्याचं एक कुटुंब उतरलं. निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि मुलाचे मित्र. त्या गृहस्थांना सगळे काका म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. माणूस सज्जन. येता-जाता प्रत्येकाला नमस्कार करायचे, ताट स्वतः उचलून ठेवायचे. मला त्यांच्यात खोट सापडेना, आणि मी तर खोट काढायलाच टपलेली. ती मला त्यांच्या सुनेत सापडली. विहिरीवरून येणाऱ्या एका बाईला तिनं थांबवलं, आणि व्हिडिओ नीट आला नाही म्हणून भरला हंडा डोक्यावर घेऊन परत मागे जाऊन पुन्हा चालत यायला लावलं. ती बाई लाजत हसत परत गेली आणि पुन्हा आली. मी दादाच्या ओट्यावरून बघत होते. मला त्या सुनेचा राग आला आणि हसणाऱ्या बाईचा त्याहून जास्त.

आईचा राब भाजायला आला होता. दादानं तिला सांगितलं, धुरानं पाहुणे वैतागतील, ही मंडळी गेली की भाज. आई थांबली. मी मात्र तिच्याऐवजी येरझारा घालत होते. दर थोड्या वेळानं राबापाशी जाऊन फांदी मोडून बघायची, कडकन मोडली की आभाळाकडे बघायचं, आणि परत यायचं. वहिनी म्हणाली, तुम्हाला बसवत कसं नाही एका जागी. खरंच बसवत नव्हतं.

मग एका दिवशी दुपार कलल्यावर आभाळ काळवंडलं. वळवाची एक सर जरी आली असती तरी राब भिजला असता. दादा मोखाड्याच्या बाजाराला गेलेला. आईनं आभाळ बघितलं, काही न बोलता चुलीतलं एक जळतं लाकूड उचललं आणि मला म्हणाली, त्यांना सांगून ये. मी खोल्यांकडे गेले. आई राब भाजतेय, धूर येईल, घाबरू नका, असं नीट सांगितलं. काका म्हणाले, अहो, काही हरकत नाही, तुमचं काम करा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी परत आले तेव्हा आई राबाच्या वरच्या कडेला बसली होती. तिनं चिमूटभर तांदूळ मातीवर ठेवले, वर तळहात टेकवला आणि हळू आवाजात विचारलं, लावू का. ती दर वर्षी विचारते. लहानपणी मी उत्तर ऐकायला कान देऊन बसायचे. ऐकू कधी काही आलं नाही, पण आई थोडा वेळ थांबायची, तशी आताही थांबली, आणि मग आग लावली. वाऱ्याच्या उलट, वरून खाली, म्हणजे ती रेंगाळत उतरते आणि जमीन आतपर्यंत भाजते. हातात ओली डहाळी घेऊन ती कडेकडेनं फिरू लागली. ठिणगी बाहेर पडली की ती डहाळीनं झोडपायची. मी तिच्याबरोबर थांबणार होते, पण तिनं मला भाकऱ्यांकडे पिटाळलं. वहिनी एकटी आहे म्हणाली.

पहिल्या काही भाकऱ्या झाल्या असतील, इतक्यात टाकीच्या बाजूनं बादल्यांचा आवाज आला. मग पळापळ, मग कोणीतरी मोठ्यानं सूचना देतंय. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर धावले.

टाकीपासून राबापर्यंत माणसांची रांग लागली होती. बादल्या हातोहात पुढे जात होत्या. काकांच्या मुलानं गाड्या धुवायची नळी नळाला जोडून राबावर धरली होती. पांढरी वाफ उठत होती आणि ओल्या राखेचा वास सगळीकडे पसरला होता. आईला काकांनी बाजूला आणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. एका हातानं तिचा खांदा धरून दुसऱ्या हातानं ते तिला बाटलीतलं पाणी पाजत होते. धुरानं आईला खोकल्याची उबळ आलेली, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसता हात हलत होता. काकांना वाटलं ती नको नको म्हणतेय ते पाण्याला. ते म्हणाले, घाबरू नका आजी, विझली आग.

त्यांनी काय बघितलं ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. भडकलेल्या जाळापुढे एकटी म्हातारी, हातात झाडाची फांदी, जिवाच्या आकांतानं आग झोडपतेय. धूर येईल एवढं मी सांगितलं होतं, पण असा जाळ आणि अशी झोडपाझोडपी त्यांच्या ध्यानीमनी नव्हती. आग हाताबाहेर गेली असं त्यांना वाटलं. कोणीही भला माणूस धावला असता. त्यांचे चेहरे काजळलेले होते, कपडे भिजलेले होते आणि डोळ्यांत आनंद होता. सुनेच्या तळहाताला बादलीच्या कडीनं फोड आलेले. मी नळी मुलाच्या हातातून हिसकावली आणि तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते धड आठवत नाही, पण खालच्या पाड्यातली कुत्री भुंकायला लागली होती. बोलता बोलता मला रडू आलं. मला त्या माणसांचा तिरस्कार करायचा होता आणि तोही करता येईना.

तेवढ्यात बायका हंडे घेऊन आल्या. त्यांची रोजची वेळ झाली होती. सगळ्यात पुढे काकी. तिनं वाफाळणाऱ्या राबाकडे बघितलं, खुर्चीतल्या आईकडे बघितलं, आणि आधी टाकीचा नळ सोडला. नळानं थोडी हवा सोडली, पाणी नाही. वहिनीनं हळू आवाजात झालेलं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. बायका हंडे कडेवर घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांकडे बघत राहिल्या. व्हिडिओसाठी दोनदा चाललेली बाईही त्यांच्यात होती. ती आता हसत नव्हती.

पाहुण्यांना हळूहळू उमगत गेलं. आधी पाण्याचं, मग राबाचं. मुलगा गाडीकडे धावला आणि बाटल्यांची खोकी घेऊन आला. बायकांतल्या एकीनं तोंड फिरवलं. काकीनं मात्र एक बाटली उचलली, निरखून पाहिली आणि आपला हंडा पुढे ठेवला. सगळ्या बाटल्या त्या एका हंड्यात रिकाम्या करायला लावल्या, तरी तो काठोकाठ भरला नाही. तो हंडा तिनं पाड्यातल्या बाळंतिणीच्या घरी पाठवून दिला. बाकीच्या बायका रिकाम्या परतल्या.

काका आईपुढे हात जोडून उभे होते. त्यांचा एक हात खिशाकडे जायला लागला, तो सुनेनं धरला. त्या क्षणी ती मला पहिल्यांदा बरी वाटली. आईचा खोकला थांबला होता. बाजारातून आलेला दादा हातात पिशव्या घेऊन, घडलं काय ते न कळल्यासारखा, खुंट्यांपाशी थांबला होता.

"तुमी चांगल्या मनानं केलं," आई काकांना म्हणाली. "पन इचारलं नाय."

काकांनी मान खाली घातली. दादानंही घातली. मग आई उठली, राबात शिरली आणि वाकून मूठभर चिखल उचलला. वर ओली राख, खाली अर्धवट भाजलेल्या फांद्या. तिनं तो चिखल हातात दाबला आणि टाकून दिला. मी तिच्या मागे गेले तर म्हणाली, भाकऱ्या बघ.

त्या रात्री पाहुण्यांच्या खोल्यांत पाणी नव्हतं. अंघोळ नाही, संडासाला पाणी नाही. मला त्याचा आनंद झाला, आणि तो मी लपवलाही नाही. आईनं मात्र घरच्या मडक्यातलं उरलेलं पाणी दोन भागांत ओतलं आणि एक भाग त्यांच्या दाराशी ठेवून आली. सकाळी लवकरच ते निघून गेले. जाताना सून आईच्या पाया पडली.

ते गेल्यावर आईनं नागलीच्या बियांचं गाडगं खाली काढलं. ते बी तिच्या सासूपासून चालत आलेलं, दर वर्षी त्यातलंच पेरायचं आणि त्यातलंच राखायचं. गाडगं काखेत घेऊन ती काकीच्या घरी निघाली, मी तिच्या मागोमाग. कोणाचा राब बिघडला तर दुसऱ्याच्या राबात कोपरा मागायची आमच्याकडे रीत आहे. मागणाऱ्यानं बी न्यायचं, देणाऱ्यानं जागा द्यायची. त्यात लाज नाही. पण आदल्या संध्याकाळी ज्यांचे हंडे आपल्या दारातून रिकामे परतले, त्यांच्याच दारात जायचं होतं. वाटेत माझे पाय अडखळत होते. आई नेहमीसारखीच चालत होती.

काकीचा राब आधीच भाजून झाला होता, काळाभोर आणि एकसारखा. तिनं आईला बसायला सांगितलं नाही. आईनं गाडगं खाली ठेवलं आणि एक कोपरा दे म्हणाली. काकी गाडग्याकडे बघतच बोलली.

"देते कोपरा. बी तुझं, राब माझा. पन आवण लावायला मानसं कुठून आननार? सून पाव्हन्यांच्या भाकऱ्या थापनार, पोरगा धबधबे दाखवत फिरनार. आन ही तुझी लेक मे महिन्याची पाव्हनी. ते गाडीवाले आले, ही आली. ते गेले, ही गेली."

ती माझ्याकडे बघून बोलली असती तर मी उलट काही बोलले असते. वळणावरच्या गाडीवाल्यांना सुनावणारं माझं तोंड तिथे उघडलं नाही. आईनंही माझी बाजू घेतली नाही. ती वाकून गाडग्याचं झाकण सोडत होती.

उरलेली सुट्टी मी कशीबशी काढली. विहिरीवर गेले की वाटायचं, माझ्यामुळे एका घराला एक कळशी जास्त लागते. घरात बसले की वाटायचं, बसून खातेय. आंबा चिरला तरी काकीचा आवाज ऐकू यायचा. शेवटी ठरल्यापेक्षा लवकर मी जव्हारला निघून आले, आणि लवकर आले म्हणून पुन्हा स्वतःवरच चिडले, कारण काकी म्हणाली होती तसंच तर मी केलं होतं.

शाळा सुरू झाली. पाऊस लागला. मी रोज वहिनीला फोन करून विचारायचे, आवण केवढं झालं. ती म्हणायची, वीतभर. मग म्हणाली, वीत होऊन वर. मग एका संध्याकाळी तिनं सांगितलं, उद्यापासून लावणी. त्याच रात्री मी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी पेन थोडं अडलं. मग मी घरचं काम असं लिहिलं.

जीप भिजत भिजत निघाली. धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग त्या वळणावर होतीच, काचा खाली करून माणसं पावसाचे फोटो काढत होती. मी काही बोलले नाही. मला पोचायचं होतं. घरी कोणी नव्हतं, दार ओढून घेतलेलं. मी पिशवी ओट्यावर टाकली, साडी खोचली आणि तशीच कड्यावरच्या शेतात गेले.

काकी होती, पाड्यातल्या काही बायका होत्या, वहिनी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन वाकलेली. दादा काकीच्या राबातून आवणाच्या जुड्या वाहून आणत होता. त्याचा फोन खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, तो वाजत होता आणि दादा तो घेत नव्हता. खुंट्यांचं मी विचारलं नाही. नंतर वहिनीनं सांगितलं, पावसात सरपण ओलं झालं तेव्हा त्या चुलीत गेल्या. पुढच्या उन्हाळ्याचं दादा काही बोलला नव्हता, आणि आईनं विचारलं नव्हतं.

मी ओळीत वाकले. कितीतरी वर्षांत हात लागला नव्हता. माझी रोपं तिरपी पडत होती. काकी माझ्या मागून आली, दोन-चार रोपं उपटून नीट दाबली आणि पुढे गेली. मी परत वाकले. दुपारी कंबर मोडली तेव्हा एक बाई म्हणाली, बाईंना शाळेत पाठवा कोणीतरी, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उठले नाही. अंधार पडायच्या आत आईचं शेत लावून झालं. वरच्या कडेपासून कड्यापर्यंत.

घरी परतलो तेव्हा अंगावर चिखल, घसा कोरडा पडलेला. सगळ्या आत गेल्या. मी सवयीनं उंबऱ्यापाशी थांबले. वहिनी आली, माझ्या अंगावरून पुढे गेली, चुलीपाशी बसून फुंकर घालू लागली. आईनं पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसली. मी उभीच होते, हात थोडा पुढे आलेला. मग आईनं माझ्याकडे बघितलं.

"उभी काय ऱ्हायलीस," ती म्हणाली. "मडक्यात पानी हाय."

मी आत गेले आणि माझ्या हातानं घेतलं.